पिकअपचा हरवलेला दम घरच्या घरी परत कसा आणायचा

टोकावडे मागे पडलं की माळशेजची चढण लागते. वाशीला टोमॅटो उतरवून परत येताना गाडीत रिकामे क्रेट आणि पेंडीची दहा-पंधरा पोती असतात. एवढ्याच वजनावर जी पिकअप सुरुवातीला तिसऱ्या गिअरमध्ये निवांत वर यायची, तीच चार-पाच वर्षांनी दुसऱ्यात घ्यावी लागते आणि तरी मागे काळा धूर सोडते. मग ओतूरच्या चहाच्या टपरीवर सल्ले सुरू होतात. कोणी म्हणतं चिप बसव, कोणी म्हणतं पंप वाढवून घे, कोणी सायलेन्सर मोकळा करायला सांगतं.

नव्याने जुनी पिकअप घेतलेल्या आणि हाताला थोडं ग्रीस लागलं तरी चालणाऱ्या माणसासाठी हे लिहितोय. माझं सांगणं एवढंच आहे की इंजिनात नवीन ताकद घालण्याआधी, त्यातून गेलेली ताकद शोधा. बहुतेक वेळा ती हवेच्या वाटेत, डिझेलच्या वाटेत किंवा चाकांपाशी अडकलेली असते, आणि ती सोडवण्याचं निम्म्याहून जास्त काम घराच्या अंगणात होतं.

उदाहरणाला बोलेरो पिकअप धरू, कारण आपल्या भागात तीच सगळ्यात जास्त दिसते. २५२३ सीसीचं, चार सिलिंडरचं टर्बो डिझेल इंजिन आणि कागदावर ७५ अश्वशक्तीच्या आसपास ताकद. तुमच्याकडे टाटा योद्धा असेल किंवा अशोक लेलँडची दोस्त असेल तरी तपासण्याचा क्रम हाच. नटबोल्टच्या जागा आणि आकडे तेवढे बदलतील, ते गाडीच्या पुस्तकात बघायचे. पुस्तक हरवलं असेल तर ते आधी मिळवा.

आधी मोजून ठेवा

कामाला हात लावण्याआधी गाडी आज कशी आहे ते लिहून ठेवा. हे न करता काम केलं की नवीन फिल्टर बसवल्यावर मनालाच गाडी हलकी वाटते, आणि खरं काय झालं ते कधीच कळत नाही.

एक सपाट, मोकळा, ओळखीचा रस्ता ठरवा. पहाटे जा, वर्दळ नसते. गाडी रिकामी, टाकी अर्धी, इंजिन नीट तापलेलं. चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० ला गाडी स्थिर करा, मग पूर्ण रेस द्या आणि ६० व्हायला किती सेकंद लागतात ते शेजारी बसलेल्या माणसाने मोबाईलच्या घड्याळावर मोजावं. चालवणाऱ्याने मोबाईलला हात लावायचा नाही. जाताना तीनदा, येताना तीनदा करा आणि सरासरी काढा, म्हणजे वारा आणि रस्त्याचा उतार दोन्ही कटतात. माझी ही वेळ पहिल्यांदा मोजली तेव्हा १४ सेकंद भरली होती.

दुसरं माप डिझेलचं. टाकी गळ्यापर्यंत भरा, नेहमीच्या कामात ३००-४०० किलोमीटर चालवा, त्याच पंपावर परत तशीच भरा. लिटर आणि किलोमीटर वहीत मांडा.

तिसरं माप म्हणजे धुराचा रंग. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडतेय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. सकाळी गार इंजिनातून थोडा वेळ पांढरा धूर चालतो, पण इंजिन तापल्यावरही तो येत राहिला आणि कुलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटची शंका घ्या आणि घरचं काम तिथेच थांबवून मेकॅनिक गाठा. या लेखातलं बहुतेक सगळं काळ्या धुराच्या गाडीसाठी आहे.

आणि एक वजन. गाडी रिकामी करून वजनकाट्यावर न्या आणि आलेला आकडा आरसी बुकातल्या रिकाम्या वजनाशी ताडून बघा. आधीच्या मालकाने हौदाला जाड अँगल, पुढे लोखंडी बंपर, वर कॅरिअर, मागे जाळी असं काय काय जोडलेलं असतं. ते सगळं इंजिन रोज ओढतं, गाडी रिकामी असली तरी. काट्याच्या पावतीवर दीड-दोनशे किलो जास्त निघाले तर पहिली सुधारणा तुम्हाला पान्याने, लोखंड उतरवून करता येईल.

हत्यारं आणि जिवाची काळजी

८ ते १९ पर्यंतचे रिंग पाने आणि बॉक्स पाने, मोठे स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, उजेडासाठी चांगली हातबॅटरी, स्वच्छ जुने कपडे आणि झाकणाच्या काही डब्या. १० आणि १३ नंबरचे पाने सगळ्यात जास्त लागतात, ते दोन-दोन ठेवा. जमलं तर टॉर्क पाना घ्या. अॅल्युमिनियममध्ये जाणारे बोल्ट हाताच्या अंदाजाने आवळून आटे गेलेली बरीच इंजिनं मी पाहिली आहेत. गाडीत ओबीडीचा, म्हणजे इंजिनातले आकडे आणि बिघाड वाचायचा सॉकेट असेल तर मोबाईलला जोडायचा छोटा ब्लूटूथ स्कॅनरही घ्या. सॉकेट स्टिअरिंगच्या खाली डॅशबोर्डच्या पोटात असतो, १६ पिनांचा.

प्रत्येक जोड उघडण्याआधी मोबाईलने फोटो काढा. कुठली नळी कुठे होती हे आपल्याला लक्षात राहील असं दर वेळी वाटतं, आणि राहत नाही.

आता जिवाचं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. सपाट आणि पक्की जमीन, चाकांना ओट, म्हणजे दगड किंवा लाकडाचे ठोकळे लावलेले, आणि चेसिसखाली लोखंडी घोडी, मगच खाली सरकायचं. चालू इंजिनावर वाकताना गळ्यातला टॉवेल, ढगळ बाही, हातातलं कडं काढून ठेवा, पंख्याचा पट्टा कुणाला ओळखत नाही. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. जुन्या इंजिनावर मिस्त्री लोक चालू गाडीत नोझलचा नट सैल करून कुठला सिलिंडर मारत नाही ते बघायचे. कॉमन रेल इंजिनावर, म्हणजे जिथे सगळ्या नोझलांना एकाच जाड नळीतून (रेलमधून) दाबाखालचं डिझेल मिळतं, हे चुकूनही करू नका. तिथल्या पोलादी नळ्यांत डिझेलचा दाब हजार बारच्याही वर जातो. तेवढ्या दाबाची बारीक धार कातडी भेदून थेट आत शिरते. बाहेरून फक्त टाचणीएवढं टोचल्यासारखं दिसतं, दुखतही नाही, पण काही तासांत बोट किंवा हात गमवायची वेळ येते. असं झालं तर घरी थांबायचं नाही, लगेच मोठं हॉस्पिटल गाठायचं आणि डिझेल दाबाने आत गेलंय हे स्पष्ट सांगायचं. त्या जाड नळ्या आपल्या कामात नाहीत, एवढं पक्कं धरा.

हवेची वाट

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. एक लिटर डिझेल पूर्ण जळायला साधारण १० हजार लिटर हवा लागते. हे नुसतं हिशेबाचं किमान झालं, प्रत्यक्षात डिझेल इंजिनाला स्वच्छ जळण्यासाठी त्याहून बरीच जास्त हवा हवी असते. म्हणून हवेच्या वाटेत थोडा अडथळा आला किंवा थोडी गळती झाली की लगेच दम जातो आणि धूर येतो.

सुरुवात एअर फिल्टरपासून. आपल्या गाड्या शेताच्या बांधावरून, फुफाट्यातून जातात, त्यामुळे पुस्तकात लिहिलेले किलोमीटर आपल्याला लागू पडत नाहीत. फिल्टर काढा, आतून बॅटरी लावा. घड्यांतून उजेड एकसारखा दिसला पाहिजे. धूळ असेल तर हलक्या हाताने आपटा, हवा मारायचीच असेल तर कमी दाबाने आणि आतून बाहेर. बाहेरून आत मारली की धूळ कागदात घट्ट बसते. दोन-तीनदा साफ केला की फिल्टर बदलाच. काही गाड्यांत आत आणखी एक छोटा फिल्टर असतो, तो साफ करायचा नसतो, फक्त बदलायचा. डबीच्या खालचं रबरी धूळझाकण फाटलेलं नाही ना, डबीच्या कडेची रबर रिंग नीट बसते ना, तेही बघा. फिल्टरच्या पलीकडच्या, म्हणजे टर्बोकडे जाणाऱ्या नळीत बोट फिरवा. बोटाला धूळ लागली तर हवा फिल्टरला वळसा घालून जातेय. ही धूळ टर्बोची पाती आणि पिस्टनच्या रिंगा घासून काढते. याच कारणाने, हवा जास्त येते म्हणून विकले जाणारे जाळीचे, तेल लावायचे फिल्टर मी आपल्या धुळीत वापरायला सांगणार नाही.

फिल्टरच्या पुढे नळीत हवा मोजणारा सेन्सर असेल तर त्याची तार अतिशय नाजूक असते. तिला कपडा, ब्रश, पेट्रोल काही लावायचं नाही. त्याच कामासाठी मिळणारा स्प्रे मारायचा आणि सुकू द्यायचा.

आता टर्बोच्या पुढची वाट. टर्बोने दाबलेली हवा रबरी नळीतून इंटरकूलरला जाते, तिथे गार होते आणि दुसऱ्या नळीने इंजिनात शिरते. या वाटेवर चार-सहा जोड असतात आणि माझ्या अनुभवात दम जाण्याचं सगळ्यात मोठं कारण याच जोडांमध्ये सापडतं. माझी गाडी घेतली तेव्हा एका गॅरेजने टर्बो गेला म्हणून सांगितलं होतं. खर्चाचा आकडा ऐकून मी गाडी घरी आणली आणि रविवारी एकेक क्लिप सोडत बसलो. इंटरकूलरच्या खालच्या नळीला, क्लिपच्या बरोबर खाली, दोन बोटं लांबीची चीर होती. गाडी उभी असताना ती मिटलेली असायची. दाब आला की उघडायची. नळी बदलली, आणि तोच टर्बो आजही चालू आहे.

गळती अशी शोधा. इंजिन गार असताना नळ्यांच्या जोडांवर बॅटरी मारा. टर्बोतून हवेबरोबर ऑइलची हलकी वाफ येतेच, त्यामुळे जिथून हवा सुटते तिथे तेलकट काळा ओघळ आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसते. प्रत्येक नळी हाताने पिळून, वाकवून बघा, खालच्या बाजूला हात घालून चाचपा. दिसलं नाही तर दाबाची परीक्षा करा. एअर फिल्टरकडून टर्बोत शिरणाऱ्या नळीच्या मापाचं पीव्हीसीचं झाकण घ्या, त्याला ट्यूबलेस टायरचा वॉल्व्ह बसवा, झाकण नळीत क्लिपने आवळा. ऑइलच्या वाफेची ब्रीदर नळी या वाटेला जोडलेली असते, ती काढून तिथलं तोंड बंद करा, नाहीतर हवा इंजिनाच्या पोटात भरते आणि ऑइल सील उलटतात. इंजिन बंद. मग पायपंपाने हळूहळू ८-१० पीएसआयपर्यंतच हवा भरा. कॉम्प्रेसर लावू नका, झाकण गोळीसारखं सुटतं, आणि पंप मारतानाही तोंड झाकणाच्या समोर नको. जोडांवर साबणाचं पाणी शिंपडा. फेस येईल तिथे गळती. थोडी हवा इंजिनाच्या उघड्या वॉल्व्हमधून जातेच, तिचा आवाज ऐकून घाबरू नका.

नळी बदलायची झाली तर मूळ मापाचीच घ्या. सिलिकॉनची चांगली नळी उष्णतेत जास्त टिकते. जुन्या पट्टीच्या क्लिपा पुन्हा वापरू नका, नळीसोबत त्याही नव्या.

इंटरकूलर बाहेरून बघा. पुढे चिखल, गवत, किडे अडकून जाळी बुजलेली असते. टर्बोतून निघालेली हवा १२० अंश सेल्सिअस धरली आणि इंटरकूलरने ती ६० वर आणली, तर त्याच दाबात, त्याच जागेत सुमारे १८ टक्के जास्त हवा मावते. बुजलेला इंटरकूलर हे १८ टक्के खाऊन टाकतो. इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेने, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. गाड्या धुण्याच्या प्रेशरने पत्र्याच्या बारीक घड्या झोपतात. रेडिएटरही याच वेळी असाच धुऊन घ्या, कारण इंजिन जास्त तापलं तर ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, स्वतःच डिझेल कमी करतो आणि नेमकी घाटात ताकद जाते.

टर्बो तपासायला त्याची तोंडाची नळी काढा, इंजिन पूर्ण गार हवं. मधली दांडी चिमटीत धरा. आत-बाहेर खेचून बघा, हाताला खेळ जाणवायला नको. आजूबाजूला किंचित हलली तर चालतं, कारण ऑइलचा थर असल्यावर ती मध्यावर तरंगते. पण पाती कडेला घासत असतील, पात्यांची टोकं खाल्लेली असतील, नळीत ऑइल साचलेलं असेल, तर टर्बोचं काम करणाऱ्याकडे जा. ही दांडी मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेते, ती घरी उघडायची वस्तू नाही. घाट चढून आल्यावर चावी लगेच बंद न करता मिनिटभर गाडी रिकामी चालू ठेवलीत तर तिचं आयुष्य वाढेल.

ईजीआरची काजळी

धुरातला काही भाग परत इंजिनात सोडून आतलं तापमान आणि नायट्रोजनचे घातक वायू कमी करायचे, हे ईजीआर वॉल्व्हचं काम. धुरातली काजळी आणि ब्रीदरमधून येणारी ऑइलची वाफ एकत्र झाली की हवेच्या वाटेत डांबरासारखा थर जमतो. वॉल्व्ह उघडा अडकला की रेस दिल्यावर गाडी गुदमरते. गार इंजिनावर वॉल्व्ह काढा, कार्बोरेटर साफ करायचा स्प्रे आणि जुना ब्रश घेऊन काजळी मऊ करून काढा. मॅनिफोल्डचं, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीचं तोंड कपड्याने बंद ठेवा, कारण काजळीचा कडक तुकडा आत गेला तर नुकसान होतं. विजेवर चालणाऱ्या वॉल्व्हच्या मोटारीवर स्प्रे उडू देऊ नका. गॅस्केट नवीन लावा. काही गाड्यांत साफ केल्यावर वॉल्व्हची जागा स्कॅनरने पुन्हा शिकवावी लागते.

ईजीआरला पत्रा मारून बंद करणारे खूप आहेत. ते करू नका. त्यातून आपल्याच पोरांच्या नाकात जाणारे वायू वाढतात, शिवाय बऱ्याच गाड्यांत चेक लाईट लागून ईसीयू उलट ताकद कमी करतो.

डिझेलची वाट

डिझेल फिल्टर पुस्तकात दिलेल्या अंतरावर बदला, कॅनमधून डिझेल भरत असाल तर त्याच्याही आधी. फिल्टरच्या तळाला पाणी सोडायचा स्क्रू असतो. पारदर्शक बाटली धरून थोडं सोडा आणि दहा मिनिटं ठेवा. पाणी खाली बसतं, वर डिझेल राहतं. पावसाळ्यात मी दर पंधरा दिवसांनी बघतो. रात्री टाकी रिकामी ठेवली की आतल्या हवेतलं पाणी पत्र्यावर धरतं, म्हणून पावसात टाकी शक्यतो भरलेली ठेवा. कॉमन रेलच्या नोझलमधल्या फटी काही मायक्रॉनच्या असतात, आणि आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा. पाण्याचा गंज किंवा बारीक कण तिथे काय करत असेल ते यावरून समजा.

नवीन फिल्टरमध्ये कॅनमधलं डिझेल ओतून बसवायची जुनी पद्धत कॉमन रेलला चालत नाही, न गाळलेलं डिझेल थेट पंपाकडे जातं. फिल्टर कोरडा बसवा आणि वरच्या हातपंपाने, तो कडक होईपर्यंत, डिझेल ओढून घ्या. रॉकेल किंवा रंगीत बाटलीतली औषधं टाकीत टाकू नका. रॉकेलने पंपाला मिळणारं वंगण कमी होतं.

स्कॅनर असेल तर चालत्या गाडीत दोन आकडे शेजारच्याला बघायला सांगा: रेलमध्ये मागितलेला दाब आणि मिळालेला दाब. पूर्ण रेसला मिळालेला दाब बराच मागे राहत असेल तर आधी फिल्टर, मग टाकीतली जाळी आणि नळीत कुठे हवा घेतेय का ते बघा. हे सगळं ठीक असेल तर नोझल आणि पंपाची वेळ आली. ते काम बेंचवर तपासणाऱ्याकडेच द्या. परत बसवताना प्रत्येक नोझलचा कोड ईसीयूमध्ये भरला का हे विचारा, ज्या इंजिनात तो लागतो तिथे कोड न भरता बसवलेलं चांगलं नोझलही नीट मारत नाही.

धुराची वाट, ऑइल, टॅपेट

सायलेन्सर कुठे चेपला आहे का खालून बघा. ज्या गाडीत काजळी अडवणारा डीपीएफ आहे, तिथे रोज दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर तो तुंबतो, कारण काजळी जाळायला लागणारी उष्णता तयारच होत नाही. आठवड्यातून एकदा हायवेवर सलग वीस-पंचवीस मिनिटं चालवा. अशा गाडीत ऑइलची पातळी आपोआप वर जात असेल तर अर्धवट जळणीतलं डिझेल ऑइलमध्ये उतरतंय, ते ऑइल लगेच बदला. ऑइल पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच घ्या. इंजिन जुनं झालं म्हणून जाड ऑइल घालायचं ही समजूत टर्बोला महागात पडते, गार सकाळी ते त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लावतं.

टॅपेटचा, म्हणजे इंजिनाचे वॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचा गॅप काही इंजिनांत हाताने लावायचा असतो, काहींत हायड्रॉलिक असतो आणि हात लावायचा नसतो. पहिल्यांदा करताना जाणत्या माणसाला शेजारी बसवा.

चाकांपाशी अडकलेली ताकद

इंजिन नीट असून गाडी ओढत नाही, असं खूपदा होतं. सपाट जागी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, दोघांनी ढकला. रिकामी पिकअप दोन धडधाकट माणसांना हलली पाहिजे. हलत नसेल तर एकेक चाक घोडीवर घेऊन फिरवून बघा. ब्रेक धरत असेल तर चाक मध्येच अडतं, बेअरिंग गेलं असेल तर घरघरतं. पाच-दहा किलोमीटर चालवून आल्यावर रिमच्या जवळ हात नेऊन बघा, टेकवू नका. एका चाकाची धग वेगळी जाणवली की तोच ब्रेक धरतोय. हँडब्रेकची गंजलेली केबल हे त्याचं नेहमीचं कारण.

टायरची हवा गार टायरवर तपासा, दारावरच्या चिकटपट्टीत किंवा पुस्तकात दिलेल्या आकड्याप्रमाणे, भरलेल्या आणि रिकाम्या गाडीची वेगळी.

क्लच बघायला चढावर चौथ्या गिअरमध्ये पूर्ण रेस द्या. इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडीचा वेग तसाच राहतो, तर क्लच स्लिप मारतोय. अशा गाडीत इंजिनावर कितीही खर्च केला तरी तो चाकापर्यंत पोचणार नाही.

एवढं करूनही चिप लावावीशी वाटली तर

बाजारात मिळणारी डबी बहुतेक वेळा एकच गोष्ट करते. रेलच्या सेन्सरची तार मध्ये तोडून ती ईसीयूला खोटा, कमी दाब सांगते. ईसीयू बिचारा दाब वाढवतो, जास्त डिझेल पडतं आणि पहिल्या दिवशी गाडी खरंच पळते. पण डिझेल वाढलं तरी हवा तेवढीच आहे. धूर वाढतो, एक्झॉस्टचं तापमान चढतं. पिस्टन अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात आणि शुद्ध अॅल्युमिनियमसुद्धा ६६० अंशांना वितळतं. मोकळ्या रस्त्यावर दहा सेकंद रेस देणाऱ्या मोटारीत ते कदाचित निभावेल. आपली गाडी मात्र दीड टन माल घेऊन अर्धा तास घाट चढते, इंजिनाला उसंतच मिळत नाही. क्लच, गिअरबॉक्स, रेडिएटर सगळे मूळ ताकदीसाठीच बनवलेले आहेत.

कायदाही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितलं आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. इंजिन बदलायचं असेल तर आरटीओची परवानगी घेऊनच. अपघात झाल्यावर विमा कंपनीचा माणूस गाडी बघायला येतो तेव्हा ती तारेतली डबी त्यालाही दिसते.

ज्याचा माल खरंच वाढलाय त्याने १.३ टनाची गाडी विकून १.७ टनाची घ्यावी. हिशेब करून बघा, इंजिन उतरवण्याच्या एका खर्चात त्यातला बराच फरक निघतो.

परत मोजा

एका वेळी एकच काम करा आणि प्रत्येक कामानंतर त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये, तेवढंच डिझेल असताना परत मोजा. सगळं एकदम केलं तर कशाने फरक पडला ते कळणार नाही, आणि पुढच्या वेळी दम गेला की पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागेल. माझ्या वहीत १४ सेकंदांखाली नळी बदलल्यावर ११, इंटरकूलर धुऊन आणि फिल्टर बदलून साडेदहा, मागचा डावा ब्रेक सोडवल्यावर १० असे आकडे आहेत. ईजीआर साफ करून आकडा हलला नाही, पण धूर कमी झाला आणि पीयूसीला गाडी पहिल्या खेपेत पास झाली. वहीचं ते पान मी गाडीच्या कप्प्यातच ठेवतो. दर दिवाळीच्या सुमारास, टोमॅटोची धावपळ जरा कमी झाली की, त्याच रस्त्यावर पहाटे पुन्हा एकदा वेळ लावतो. १० चे ११ झाले की रविवारी बॉनेट उघडायचं आणि पहिल्यांदा नळ्यांच्या क्लिपा बघायच्या.